मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी: काय विचारायचं, काय तपासायचं

माझं पहिलं मोठं रिव्हॉल्व्हर मी चकाकी बघून घेतलं. वापरलेलं होतं, पण स्टेनलेस स्टीलवर एक ओरखडा नव्हता. सहा इंची नळी, .४४ मॅग्नम. पहिल्याच दिवशी रेंजवर शेजारच्या नेमबाजाने हात वर करून मला थांबवलं, कारण त्याच्या दंडाला काहीतरी बारीक टोचत होतं. सिलिंडरमधल्या सहा घरांपैकी एक घर नळीसमोर नीट येत नव्हतं आणि दर सहाव्या गोळीला शिशाचे कपचे बाजूने उडत होते. विकणाऱ्यासमोर दहा मिनिटं नीट घालवली असती तर हे तिथेच कळलं असतं. ती दहा मिनिटं कशी घालवायची, ते खाली लिहितो आहे.

१. आधी कागद, मग वस्तू

शस्त्राचे कायदे देशागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेलं उत्तर हेच शेवटचं उत्तर समजा. मित्राचा अनुभव किंवा विक्रेत्याचं "चालतं हो" हे उत्तर नव्हे. तीन गोष्टी आधीच विचारून घ्या: हे कॅलिबर (नळीचं आणि काडतुसाचं माप) तुमच्या परवान्यात बसतं का, काडतुसं किती आणि कुठून घेता येतात, आणि वापरलेलं शस्त्र घेतलं तर हस्तांतराची नोंद कोणी आणि किती दिवसांत करायची.

जवळ लागणारी कागदपत्रं साधारण अशी: वैध परवाना किंवा खरेदीची मंजुरी, ओळखपत्र, विक्रेत्याच्या मालकीचा किंवा परवान्याचा पुरावा, आणि मॉडेल, कॅलिबर व अनुक्रमांक लिहिलेली पावती. पावतीवरचा अनुक्रमांक फ्रेमवरच्या, म्हणजे नळी, सिलिंडर आणि मूठ ज्याला जोडलेली असतात त्या सांगाड्यावरच्या, अंकांशी स्वतः ताडून बघा. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या आधुनिक मोठ्या रिव्हॉल्व्हरवर सिलिंडर बाहेर काढला की क्रेनमागच्या खाचेत मॉडेल क्रमांक सापडतो. क्रेन म्हणजे सिलिंडर ज्याच्यावर बाहेर झुलतो तो हात. अनुक्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर भाव कितीही चांगला असो, वस्तू खाली ठेवा आणि निघा.

२. 'मोठी फ्रेम' म्हणजे नेमकं काय

स्मिथ अँड वेसन आपल्या फ्रेमना अक्षरं देते. के म्हणजे मध्यम, एल म्हणजे त्याहून थोडी भरभक्कम, एन म्हणजे मोठी, आणि २००३ मध्ये .५०० मॅग्नमसाठी आलेली एक्स म्हणजे अवाढव्य. १९३५ चं .३५७ मॅग्नम आणि १९५५ चं .४४ मॅग्नम ही दोन्ही काडतुसं एन फ्रेमवरच जगापुढे आली. रुगरकडे याच वर्गात १९७९ चं रेडहॉक आणि १९८७ चं सुपर रेडहॉक आहे. कोल्टचं ॲनाकोंडा १९९० मध्ये आलं, काही वर्षं बंद होतं आणि २०२१ मध्ये नव्या रूपात परतलं.

.३५७ साठी एवढं धूड कशाला, असं नवखे विचारतात. मध्यम फ्रेममध्ये सिलिंडरसमोरचं नळीचं तोंड खालच्या बाजूला पातळ करावं लागतं. तिथे हलक्या, वेगवान गोळ्यांच्या सततच्या माऱ्याने तडे जात. मोठ्या फ्रेममध्ये त्या जागी भरपूर पोलाद असतं. शिवाय वजन धक्का खातं. पण तेच वजन दिवसभर कमरेला बाळगावं लागलं, तर हे सगळे फायदे संध्याकाळपर्यंत विसरायला होतात.

३. कॅलिबरच्या आधी हात

बहुतेकांची गाडी इथे घसरते. आधी कॅलिबर ठरतं, मग मॉडेल, आणि मूठ हातात बसते का हा प्रश्न पैसे मोजल्यावर पडतो. क्रम उलटा करा.

रिकामं रिव्हॉल्व्हर नेम धरल्यासारखं पकडा. नळी मनगट आणि कोपर यांच्या सरळ रेषेत यायला हवी. आता बोटाचं पहिलं पेर चापावर ठेवा. तिथवर पोचायला मूठ हातात फिरवावी लागत असेल तर धक्का तळहाताच्या मध्यावर न बसता अंगठ्याच्या सांध्यावर बसेल. दहा काडतुसांत बोट सुजेल आणि विसाव्या काडतुसापर्यंत तुम्ही आवाजाआधीच डोळे मिटायला लागाल. मूठ बदलता येते हे खरं, पण फ्रेमचा मागचा भाग आणि चापाचं अंतर बदलत नाही. लहान हाताच्या माणसाला एन फ्रेम जड जाते आणि एल फ्रेम मस्त बसते, असं मी अनेकदा पाहिलं आहे. यात कमीपणा काही नाही.

वजनाचा अंदाज असा: साडेसहा इंची नळीचं एन फ्रेम .४४ सुमारे १.४ किलो, साडेसात इंची सुपर रेडहॉक दीड किलो, आणि लांब नळीचं .५०० तब्बल दोन किलो. एका हाताने समोर धरून मनात तीसपर्यंत मोजा. मग ठरवा.

आता कॅलिबर. .४४ मॅग्नमचा मोठा गुण असा की त्यात आखूड, सौम्य .४४ स्पेशल काडतूसही चालतं. २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी मॅग्नममधून सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास सुटते. जवळपास तेवढ्याच वजनाची स्पेशलची पारंपरिक गोळी २३० मीटरने. एकाच शस्त्रात सराव आणि जोर दोन्ही मिळतात. उलटं मात्र कधीच नाही: .४४ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम घालायचं नसतं. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम लांब केली आहे ती यासाठीच. .४५ कोल्ट घेणाऱ्यांनी आणखी एक सापळा लक्षात ठेवावा. या काडतुसाचे काही जोरदार लोड (दारू आणि गोळीची भरणी) फक्त ठरावीक दणकट रिव्हॉल्व्हरांसाठी बनतात आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. ते कुठल्याही .४५ कोल्टमध्ये बसतात. सुरक्षित मात्र फक्त त्या ठरावीक रिव्हॉल्व्हरांतच असतात.

.४५४ कॅसुल, .४६० आणि .५०० हे पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी नाहीत. माझं मत आहे, पण ठाम आहे.

४. सोबत काय न्यायचं

फीलर गेजचा संच (मोटर मेकॅनिककडे असतो तोच, पाती ०.००२ इंचापासून हवीत), छोटा टॉर्च, पांढऱ्या कागदाचा तुकडा, भिंग, मऊ फडकं, आणि त्या कॅलिबरची सहा डमी, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं. खरं काडतूस एकही नको, खिशातसुद्धा.

५. हातात घेताना

सिलिंडर उघडा, सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, विकणाऱ्यालाही दाखवा. कळ प्रत्येकाची वेगळी असते: स्मिथची पुढे ढकलायची, कोल्टची मागे ओढायची, रुगरची आत दाबायची. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. घोडा चढवण्याआधी आणि रिकामा चाप ओढण्याआधी परवानगी विचारा. आणि सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नका. पडद्यावर ते दिसतं छान, पण प्रत्यक्षात क्रेन वाकते आणि सिलिंडरची रेषा कायमची बिघडते. विकणारा स्वतःच तसा झटका देताना दिसला, तर पुढची सगळी तपासणी दुप्पट बारकाईने करा.

६. यांत्रिक तपासणी

टायमिंग. सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं. घोडा मागे जाताना आतला छोटा पंजा सिलिंडरला पुढच्या घरावर ढकलतो, आणि फ्रेमच्या तळातली खुंटी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते. घोडा पूर्ण चढेपर्यंत खुंटी बसलेली असली पाहिजे. डमी काडतुसं भरा, दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका अटकाव करा आणि घोडा अंगठ्याने शक्य तितका हळू चढवा. खुंटी बसल्याची टिकटिक ऐकू येईल. घोडा चढून थांबला तरी सिलिंडर अजून हाताने थोडा फिरत असेल, तर ते घर उशिरा येतं आहे. सहाही घरं तपासा. माझ्या त्या रिव्हॉल्व्हरचं फक्त एक बिघडलेलं होतं. मग हेच सगळं चाप अतिशय हळू ओढून परत करा.

वेगात चाप ओढला की सिलिंडर स्वतःच्या जोराने फिरून खाचेत जाऊन बसतो आणि दोष झाकला जातो. मला दाखवताना विकणाऱ्याने खटाखट सहा वेळा चाप ओढला होता. त्याला कदाचित स्वतःलाही माहीत नसेल, पण मी ते बघून खूश झालो ही चूक माझी. डमी भरायच्या त्या एवढ्यासाठी की रिकाम्या सिलिंडरमध्ये मागची चांदणी (पुंगळ्या बाहेर ढकलणारी चकती, जिच्या दातांना पंजा ढकलतो) थोडी हलते आणि निरोगी रिव्हॉल्व्हरसुद्धा आजारी भासू शकतं.

सिलिंडरचा खेळ. डमी काढा. चाप मागे दाबून धरा, घोडा अंगठ्याने सावकाश खाली येऊ द्या आणि सिलिंडर डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालते. खडखड चालत नाही.

मग सिलिंडर पुढे-मागे ढकला. या खेळाला एंडशेक म्हणतात. मोजायची रीत सोपी आहे: सिलिंडर मागे दाबून नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने मोजा, मग पुढे दाबून मोजा, आणि वजाबाकी करा. दोन-तीन हजारांश इंचापर्यंत ठीक. त्यापुढे गेलं तर प्रत्येक बारात सिलिंडर हातोड्यासारखा मागे-पुढे आपटतो आणि झीज झपाट्याने वाढते. बारीक वॉशर घालून हे दुरुस्त होतं, पण ते भावात धरा.

फट. सिलिंडर मागे दाबून मोजलेली फट ०.००४ ते ०.००६ इंच असेल तर उत्तम. ०.०१० पर्यंत कामचलाऊ. त्याहून जास्त असेल तर वायू वाया जातो आणि बाजूला फवाराही जास्त. अगदी कमी, म्हणजे ०.००३ च्या खाली असेल तर खूश होऊ नका: काजळी साचली आणि पोलाद तापलं की सिलिंडर अडकायला लागतो. प्रत्येक घरासमोर फट वेगळी येत असेल तर सिलिंडरचं तोंड त्याच्या अक्षाशी काटकोनात नाही किंवा क्रेन वाकली आहे.

घोडा निसटतो का. रिकाम्या शस्त्रात घोडा चढवा आणि चापाला हात न लावता घोड्यावर मागून अंगठ्याने बऱ्यापैकी जोर द्या. खाली पडला तर कोणीतरी आत कानस चालवली आहे. चाप हलका करण्याचा हा घरगुती उद्योग जीवघेणा असतो. असं रिव्हॉल्व्हर घेऊच नका.

याच जातीचा आणखी एक उद्योग: स्मिथच्या मुठीच्या पुढच्या कडेला, खाली, मुख्य स्प्रिंगवर ताण देणारा एक स्क्रू असतो. तो दोन आटे ढिला केला की दुकानात चाप लोण्यासारखा लागतो, आणि रेंजवर फायरिंग पिन प्राइमरला, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीला, नुसत्या टिचक्या मारते. तो पूर्ण घट्ट आहे का बघा आणि मगच चापाबद्दल मत बनवा.

नळी. सिलिंडर उघडा ठेवून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा, टॉर्चचा उजेड त्यावर टाका आणि तोंडाकडून बघा. आटे, म्हणजे नळीतल्या पेचदार खाचा, स्वच्छ, धारदार दिसायला हवेत. राखाडी पट्टे दिसले तर ते बहुधा शिसं असतं, घासून जातं. खड्डे जात नाहीत. एखाद्या जागी काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे: आधीची गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी मारलेली असणार. बाहेरून बोट फिरवलं तर कधी कधी तो फुगवटा हातालाही लागतो.

मग नळीचं मागचं तोंड, म्हणजे सिलिंडरसमोरचा शंकू. भिंगातून तडे शोधा, खासकरून तळाशी. त्याच्या वर, फ्रेमच्या छताला पातळ रेघ कोरल्यासारखी दिसेल. तप्त वायूने ती पडते, थोडी खोल होते आणि मग बहुधा थांबते. नवखे ती बघून घाबरतात आणि शंकूचा तडा मात्र बघायचा राहून जातो.

घरं. .४४ मॅग्नमच्या घरात आखूड .४४ स्पेशल खूप वापरलं असेल तर आत काजळीचं कडं बसतं आणि मॅग्नमची पुंगळी तिथे अडकते. घाण असेल तर साफ होते, कोरलं गेलं असेल तर नाही. शेवटी सिलिंडर उघडून फिरवा आणि पुंगळ्या ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाकडे बघा. ते टोक डगमगत फिरत असेल तर दांडा वाकलाय. दांडा चिमटीत धरून घट्ट आहे ना तेही बघा. तो आपोआप उलगडत गेला तर सिलिंडर उघडेनासाच होतो.

७. चकाकी काय सांगते, काय लपवते

म्यानात घासून नळीच्या टोकाचा निळा रंग गेला असेल तर मला ते आवडतं. बाळगलं जास्त, चालवलं कमी, असा त्याचा अर्थ बरेचदा निघतो. संशय जुन्या शस्त्राच्या नव्या रंगाचा घ्यावा. कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोलावलेल्या, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट दिसल्या तर गंजाचे खड्डे पॉलिश करून झाकले आहेत. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत अननुभवी हात गेला आहे. स्मिथच्या बाजूच्या झाकणाला पेचकसाने उचकटल्याच्या खुणा दिसल्या तर ते झाकण कसं काढतात हेही त्याला माहीत नव्हतं. स्क्रू काढून मुठीच्या दांडक्यावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके मारले की ते आपोआप वर येतं. रुगरच्या दुहेरी क्रियेच्या (नुसता चाप ओढला तरी घोडा चढतो अशा) रिव्हॉल्व्हरांना असं झाकणच नसतं, म्हणून तिथे या खुणा शोधू नका.

८. नवं कोरं घेताय?

तरी तपासा. नळी फ्रेममध्ये किंचित जास्त किंवा कमी पिळली गेलेली नवी रिव्हॉल्व्हरं मी हाताळली आहेत. मागून बघितलं की पुढची माशी एका बाजूला कललेली दिसते. मागचा नेम एका टोकापर्यंत सरकवूनच गोळी मध्यावर लागत असेल, तर कारण हेच असू शकतं. फट आणि टायमिंग नव्यातही मोजा. दोष निघाला तर कारखान्यात कोण पाठवणार आणि खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

स्मिथच्या २००१ च्या सुमारानंतरच्या बऱ्याच मॉडेल्सना सिलिंडरच्या कळीच्या वर छोटं किल्लीचं भोक असतं. आतल्या कुलुपाचं आहे ते. यावर लोक तासन्‌तास भांडतात. दिसायला मलाही ते आवडत नाही, पण नीट टायमिंगचं कुलूपवालं आणि खिळखिळं बिनकुलुपाचं यांत निवड करायला मला एक मिनिट लागणार नाही.

९. पहिले दिवस रेंजवर

कानात बोळे आणि त्यावर कर्णरक्षक, दोन्ही. चष्मा. आधाराच्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही नाहीत. त्या फटीतून निघणारा तप्त वायू कातडी फाडतो, आणि मोठ्या मॅग्नममध्ये त्याहून वाईट होतं. शेजारी कोणी फटीच्या रेषेत उभं नाही ना, तेही बघा.

सुरुवात .४४ स्पेशलने करा, पहिल्यांदा एकच काडतूस भरून. मग सहा. प्रत्येक घराला फिक्या शाईने क्रमांक द्या आणि कुठल्या घराची गोळी कुठे लागली ते लिहून ठेवा. एखादं घर सतत वेगळीकडे मारत असेल तर त्याचं पुढचं तोंड बाकीच्यांहून सैल किंवा घट्ट असू शकतं. बंदूक-कारागीर ते मोजून देईल. 'फुस्स' असा दबका आवाज आला तर लगेच थांबा. शस्त्र सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, मग सिलिंडर उघडून रिकामा करा आणि नळीत गोळी अडकली आहे का बघा. न थांबता पुढची गोळी मारली की वर सांगितलेलं नळीतलं काळसर कडं तयार होतं.

मॅग्नमकडे वळाल तेव्हा एक प्रयोग करा. सहा भरा, पाच मारा, आणि सहावं काडतूस काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करा. धक्क्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल तर तो लोड तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. आणखी थोडी सरकली की ती सिलिंडरबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरांत हे जास्त घडतं.

माझ्या त्या पहिल्या रिव्हॉल्व्हरच्या मागच्या चांदणीचा एक दात झिजला होता. कारागिराने थोडा रुंद पंजा बसवून सहाही घरं पुन्हा जुळवून दिली, आणि दुरुस्ती झाल्यावर मला ते स्वतः तपासायला लावलं: डमी भरून, बोटाने अटकाव करून, घोडा हळू चढवत. टिकटिक सहाही वेळा वेळेवर आली. आता त्यातून मी बहुतेक वेळा .४४ स्पेशलच मारतो.